जुनी काढा, नवी टाका

आदिलाबादच्या त्या औषध भांडारात जयवंताबाईंच्या टेबलापाशी कोणी उगाच रेंगाळत नसे. रेंगाळणाऱ्याच्या हातात जे असेल ते बाई मागून घेत आणि त्यावरची तारीख वाचत. एकदा कारकून मारोतराव बिस्किटाचा पुडा घेऊन आले. बाईंनी तो उलटा करून पाहिला, "हे तं मांगल्या म्हयन्यातच सरलं," म्हणाल्या आणि पुडा परत त्यांच्या हातात ठेवला. मारोतरावांनी बिस्किटं खाल्लीच, पण बाहेर जाऊन. भांडारातले लोक बाईंना मागे 'तारीखबाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

त्यांचा जन्म तामसीकडच्या एका खेड्यात झाला. वडील दुसऱ्याच्या शेतावर सालदार, आई निंदायला जायची. बौद्ध वस्तीतून दहावीपर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी, आणि पोचली तीही रोज दोन कोस जाऊन आणि दोन कोस येऊन. पुढे आदिलाबादला मामाकडे राहून टायपिंग शिकल्या. नवरा मास्तर मिळाला, त्याची बदली तलमडुगूकडे झाली, तो शनिवारी घरी यायचा. १९८६ साली बाई भांडारात लागल्या त्या खोकी बांधायच्या कामावर. भांडार एका सेवाभावी संस्थेचं. आडगावी तिचे पाच दवाखाने होते, आणि त्या पाचांना लागणारी गोळी अन् गोळी इथूनच जायची.

१९९३ साली भांडारात कॉम्प्युटर आला. व्यवस्थापक सुधाकररावांनी त्याला हार घातला आणि नारळ मात्र अंगणात जाऊन फोडला, न जाणो पाणी उडायचं. मग प्रश्न आला, चालवणार कोण? एरवी पंख्याखालच्या खुर्चीसाठी भांडणारी मंडळी एकदम नम्र झाली. ज्याच्या हातून बिघडेल त्याच्या नावावर लागेल, हे सगळ्यांना कळत होतं. शेवटी कोणीतरी म्हणालं, बाईंना टायपिंग येतं की. अशी ती खुर्ची बाईंकडे आली. वस्तीत वडिलांनी ही गोष्ट इतक्या जणांना सांगितली की शेवटी लोक त्यांना पाहून रस्ता बदलू लागले.

बाईंना मशीन शिकवलं ते हैदराबादहून येणाऱ्या एका तेलुगु इंजिनियरनं. औषधसाठ्याचा प्रोग्रामही त्यानंच केलेला. त्याचं हिंदी तोडकं, बाईंचं तेलुगु त्याहून तोडकं, तरी दोघांचं चांगलं जमलं. त्यानं सांगितलेली एक गोष्ट बाईंच्या डोक्यात पक्की बसली. प्रोग्राम एकट्या माणसाचा नसतो. तारखा पाहणारा तुकडा कोणा दुसऱ्यानं लिहिलेला असतो, छपाईचा तिसऱ्यानं, नावं क्रमानं लावणारा चौथ्यानं. आपण ते आणतो, आपल्यात बसवतो आणि विसरून जातो. बाईंनी ते आपल्या परीनं समजून घेतलं. शेजारणीकडून विरजण आणावं तसं हे. विरजण नासकं निघालं तर आपलं दूध कितीही चांगलं असो, सगळं भांडं जातं.

पुढे पाचही दवाखान्यांत एकेक मशीन गेलं. १९९६ साली एका दवाखान्यातून आलेल्या फ्लॉपीतून व्हायरस आला आणि दोन महिन्यांचा साठा पुसून गेला. कोणीतरी त्या फ्लॉपीत पत्त्यांचा खेळ भरून आणला होता. तेव्हापासून बाईंनी एक मोठं रजिस्टर सुरू केलं. कोणत्या दवाखान्याच्या मशीनवर कोणता तुकडा आहे, त्याचा नंबर काय, तो कधी बदलला, सगळं त्यात. व्हायरस शोधणारी फ्लॉपी होती, तिचाही त्यात रकाना, कारण जुन्या फ्लॉपीला नवे व्हायरस ओळखता येत नाहीत, हे त्यांना इंजिनियरनं सांगितलं होतं. मारोतराव म्हणत, "बाई, तुमी तं चौकीदारावरबी चौकीदार बसवता." बाई म्हणत, "बसवाच लागते." सुधाकरराव पाहुण्यांना ते रजिस्टर मुद्दाम दाखवत. त्यातला आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं संस्थेत मानलं जाई.

आता जे सांगायचं ते इथून पुढचं. १९९८ सालच्या एप्रिलात बाईंनी महिन्याची यादी छापली. मुदत संपलेल्या औषधांची ही यादी प्रत्येक ठिकाणचं मशीन दर महिन्याला काढून देई. नियम असा, की यादीत नाव आलं की ते औषध दोन साक्षीदारांसमोर फोडायचं, खड्ड्यात पुरायचं आणि पंचनामा आदिलाबादला पाठवायचा. त्या यादीत तापाच्या औषधाच्या चाळीस बाटल्या होत्या. बाईंनी बाटली काढून पाहिली, तर तिची मुदत फेब्रुवारी २००० पर्यंत होती. म्हणजे जवळजवळ दोन वर्षं शिल्लक, आणि मशीन म्हणत होतं संपली.

बाई दोन दिवस त्याच्यामागे लागल्या. तिसऱ्या दिवशी उमगलं. मशीन सालाचे शेवटचे दोनच आकडे धरत होतं. ९८ ला ९८, आणि २००० ला नुसतं ००. शून्य हे अठ्ठ्याण्णवच्या आधी येतं, म्हणून ते औषध मशीनच्या हिशेबी केव्हाच मेलेलं. त्यांनी इंजिनियरला पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं की चूक त्या दुसऱ्याकडून आणलेल्या तारखेच्या तुकड्यात आहे, आपण तो कधी उघडूनच पाहिला नव्हता. जुना तुकडा १.२ नंबरचा, त्याच्या जागी २.० बसवावा. सोबत त्यानं नवी फ्लॉपीही पाठवली. एवढ्या मोठ्या हैदराबादेत कोणाला दिसलं नाही ते आपल्याला दिसलं, म्हणून बाई चार दिवस जरा ताठ चालत होत्या. तेवढा हक्क त्यांचा होताच.

मे महिन्यात त्यांनी त्या फ्लॉपीच्या पाच प्रती काढल्या आणि एसटीच्या कंडक्टरांच्या हाती पाच दवाखान्यांना पाठवल्या. बरोबर एकेक छापील चिठ्ठी. तीत दोनच ओळी होत्या. 'नवी फ्लॉपी टाकली का?' आणि 'मशीन सुरू होताना दिसणारा नंबर'. घाई होती, कारण पावसाळ्याआधी साप चावल्याच्या इंजेक्शनच्या कुप्या सगळीकडे जायच्या होत्या. त्या खेपेच्या कुप्यांवर मुदत होती मार्च २०००, छापलेली नुसती 'मार्च ००'. जुन्या तुकड्याच्या हाती त्या सापडल्या तर काय होईल, हे सबंध जिल्ह्यात एकट्या जयवंताबाईंना माहीत होतं.

चार दवाखान्यांच्या चिठ्ठ्या आल्या. चारींवर नंबर २.०. राहिलं बोरखडी.

बोरखडी म्हणजे सगळ्यात लांबचा दवाखाना, मध्ये दोन नाले. तिथले कंपाउंडर भिवाजी. वय छप्पन, निजाम गेला त्या सुमारास दोन इयत्ता उर्दूत शिकलेले, अक्षर मोत्यासारखं. सांगितलेल्या कामात हयगय नाही आणि न सांगितलेल्यात हात नाही, असा माणूस. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. लाइनीत खरखर इतकी की जणू कोणी भाजी परततंय.

"बाई, नवी फ्लॉपी मशीन घेऊनच नाई राह्यली. आता काय करू?"

बाईंच्या समोर तेव्हा तीन खोकी उघडी होती आणि मारोतराव सहीसाठी उभे होते. त्यांना वाटलं, भिवाजींनी आधीची फ्लॉपी मशीनच्या खाचेतून बाहेरच काढली नसेल. नवी फ्लॉपी आली की पहिल्या आठवड्यात सगळ्यांची ही चूक होते. त्या ओरडून म्हणाल्या, "दादा, जुनी काढा, नवी टाका."

"जुनी काढू, नवी टाकू?"

"हो. जुनी काढा, नवी टाका."

"जी, समजलं," भिवाजी म्हणाले, आणि लाइन गेली.

आठवड्यानं चिठ्ठी आली. पहिल्या ओळीपुढे मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'होय, टाकली.' दुसरी ओळ कोरी. बाईंनी दोनदा फोन लावून पाहिला, पण पाऊस लागला होता आणि बोरखडीची लाइन मेली होती. सुधाकररावांना अहवाल हवा होता, पाचही दवाखान्यांचा. बाईंनी क्षणभर विचार केला. दुसरा कोणी असता तर थांबल्या असत्या. पण भिवाजी म्हणजे भिवाजी, आणि त्यांनी टाकली म्हणजे टाकलीच असणार. नवी टाकली म्हणजे नंबर २.० च, दुसरा येणार कुठून? त्यांनी रजिस्टरात बोरखडीपुढे आपल्या हातानं लिहिलं, २.०. मग कुप्यांचं खोकं बांधलं आणि बोरखडीला रवाना केलं. नाल्यांच्या पाण्यामुळे ते पोचायला जुलैचा मध्य उजाडला.

ऑगस्टच्या अकरा तारखेला, मंगळवारी, टपालात बोरखडीचा पंचनामा आला. बाई तो उभ्यानंच वाचत होत्या. मुदत संपल्यामुळे फोडून पुरलेली औषधं: खोकल्याचं औषध सहा बाटल्या, डोळ्याचं मलम नऊ ट्यूब, साप चावल्याचं इंजेक्शन बारा कुप्या. दोन साक्षीदारांचे अंगठे. तारीख तीन ऑगस्ट.

 बाई खाली बसल्या, पुन्हा वाचलं. बाराच्या बारा. आठ दिवस झाले बोरखडीत एकही कुपी नाही, आणि शेतांत निंदणी चालू. त्यांनी कपाटातून बारा कुप्या मोजून काढल्या, नव्या तुकड्याची एक फ्लॉपी घेतली, मारोतरावांना "साहेबांना सांगा," एवढंच म्हणाल्या आणि अकराची बस धरली. पिशवी त्यांनी मांडीवर ठेवली होती आणि दर खड्ड्याला ती दोन्ही हातांनी उचलून धरत होत्या. आठ दिवसांत कोणाला चावलं नसेल, एवढंच त्या मनाशी म्हणत राहिल्या. तीन तासांत ते किती वेळा म्हणून झालं याचा त्यांना पत्ता नव्हता.

भिवाजी दवाखान्याच्या ओसरीत पुड्या बांधत होते. बाईंना पाहून उठले.

"दादा, नवी फ्लॉपी कुठी हाये?"

"टाकली ना बाई. लिवलं होतं मी चिठ्ठीत."

"मशीनीत?"

"मशीनीत कशाले? उकिरड्यावर टाकली." भिवाजींना प्रश्नच समजला नव्हता. "ते घेतच नोती मशीन. मी तुमाले फोन केला. तुमी म्हनल्या, जुनी काढा, नवी टाका. मंग मी जुनी पेटीतून काढली, मशीन सुरू केली, अन् नवी देल्ली टाकून. झकास चालून राह्यली."

 तेच चार शब्द. बाईंनी ते मनात एकदा आपल्या बाजूनं म्हणून पाहिले, एकदा भिवाजींच्या बाजूनं. फ्लॉपी मशीन घेत नाही, म्हणजे ती खराब, मग माणूस काय समजेल? जुनी बाहेर काढा, वापरा. नवी फेकून द्या. भिवाजींनी उलट विचारूनही घेतलं होतं, आणि त्या हो म्हणाल्या होत्या. पाठवलेली प्रतच खराब असेल ही शंका त्यांना आलीच नव्हती, कारण प्रत त्यांनी स्वतः काढली होती.

"आन् कुप्या? कुप्यांवर तारीख होती ना दादा."

"होती. मार्च शून्य शून्य. मले वाटलं, शून्य म्हनजे सरलं. अन् यादीतबी नाव आलं होतं. मांगच्या साली यादीतलं एक अवषद मी ठिवून घेतलं होतं, चांगलं दिसे म्हून. तुमीच मले मेमो धाडला होता."

तेही खरं होतं. बाईंनी मेमो पाठवला होता, आणि चांगला खरमरीत.

"इथी कोनाले चावलं तं नाई?"

भिवाजींनी मान खाली घातली. "परवा. बयनाबाई, चंपतची बायको. पऱ्हाटीत निंदू राह्यली होती, हाताले चावलं. डाक्टरसायेब म्हनले, भिवाजी, कुप्या आना. मी म्हनलं, पुरल्या. मी जाऊन खड्डा उकरला बाई. पन फोडूनच पुराच्या असा नियम हाये. सगळा चुरा होता."

"वाचली?"

"वाचली. नाल्याले तवा पानी होतं, बैलगाडीनं पार केली, मंग तिकून जीप. आदिलाबादले पोचाले सहा घंटे लागले. उजव्या हाताची बोटं गेली म्हनते. चारी."

बाई आत गेल्या. मशीन सुरू केलं. काळ्या पडद्यावर ओळ आली: तारीख १.२. दोन महिने हे मशीन रोज सकाळी ही ओळ दाखवत होतं, आणि त्यांच्या रजिस्टरात २.० लिहिलेलं होतं. त्यांनी पिशवीतली फ्लॉपी घातली, २.० उमटेपर्यंत पडद्याकडे पाहत राहिल्या, यादी पुन्हा छापली. मग बारा कुप्या भिवाजींच्या स्वाधीन केल्या. भिवाजींनी रीतसर रसीद लिहून दिली. अक्षर तसंच मोत्यासारखं होतं.

"बाई, माह्याकडून कसूर झाला का?" ते बसपर्यंत पोचवायला आले तेव्हा त्यांनी विचारलं.

बाईंनी 'नाही' म्हणायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "पाहू." या एका शब्दाची त्यांना पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सुधाकररावांनी त्यांना आत बोलावलं. सुधाकरराव वाईट माणूस नव्हते. बोलायला गोड, कोणाच्या लग्नकार्याला चुकत नसत. फक्त कागदाला फार भीत. त्यांच्या पुढ्यात बाईंचं रजिस्टर उघडं होतं आणि चेहऱ्यावर सुटका झाल्याचा आनंद होता.

"बाई, तुमच्या रजिस्टरनं वाचवलं आपल्याला. पाचही ठिकाणी २.०. भिवाजीची चिठ्ठीही आहे, नवी टाकली म्हणून. म्हणजे भांडाराकडून काम चोख झालं. यानं खोटं लिहून दिलं किंवा मागाहून मशीनशी काही खेळ केला. वरच्यांनी विचारलं तर एवढंच सांगायचं."

"आन् भिवाजींचं काय होईन?"

"काढावं लागेल. दोन वर्षं राहिली होती बिचाऱ्याची." सुधाकररावांनी खरोखर हळहळून मान हलवली. "आणि त्या बाईच्या माणसांना सांगितलंय, औषधाची मुदत संपली होती, नवीन यायचं होतं. नशिबाची गोष्ट. त्यांनीही मानून घेतलं. तुम्ही तिकडे जाऊ नका उगाच."

बाई टेबलाशी येऊन बसल्या. अडचण अगदी सरळ होती. बोरखडीपुढचा तो २.० चिठ्ठीतून नाही, आपल्या मनातून आला, हे फक्त त्यांना माहीत होतं; चिठ्ठीतली कोरी ओळ सुधाकररावांनी पाहिलीच नव्हती. फोनवरचं बोलणं भिवाजींना माहीत होतं, पण भिवाजींचं ऐकणार कोण? एका बाजूला काळ्या दगडावरची रेघ, दुसऱ्या बाजूला आडगावचा कंपाउंडर. बाई गप्प राहिल्या तर भिवाजी जाणार होते. बोलल्या तर खुर्ची जाणार होती, आणि नुसती खुर्ची नाही. हिच्यानं काय होणार होतं, आम्ही आधीच म्हणत होतो, हे म्हणायला पाच वर्षं टपून बसलेली माणसं त्या भांडारात होती. वडील अजून वस्तीत नव्या माणसाला गाठून सांगत, माही पोरगी कम्पुटर चालवते.

शनिवारी मास्तर घरी आले. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. मास्तरांनी बराच वेळ हातातली कपबशी खाली ठेवली नाही.

"नंबर तू मनानं लिवला हे कोनाले ठाव हाये?"

"कोनालेच नाई."

"मंग राहू दे," मास्तर म्हणाले. मग कपबशी खाली ठेवून म्हणाले, "पन तुले जमन का ते?"

बाई चिडल्या. सबंध रविवार त्या मास्तरांशी धड बोलल्या नाहीत, कारण त्यांनी 'राहू दे' वरच थांबायला हवं होतं.

सोमवारी सकाळी त्या सगळ्यांच्या आधी भांडारात गेल्या. रजिस्टर उघडलं आणि बोरखडीच्या २.० खाली लिहिलं: 'हा नंबर बोरखडीहून आलेला नाही. तो मी माझ्या मनाने लिहिला. फोनवर मी भिवाजींना जे सांगितले त्याचे दोन अर्थ होतात. त्यांनी घेतलेला अर्थ चुकीचा नव्हता. त्यांनी विचारून घेतले तेव्हा मी हो म्हणाले.' खाली पूर्ण नाव, तारीख. साल त्यांनी चारी आकड्यांत लिहिलं.

सुधाकररावांनी ते वाचलं आणि चष्मा काढला. "बाई, यानं साधलं काय? तिची बोटं परत येणार आहेत का?"

"नाई," बाई म्हणाल्या. "पन भिवाजींची नोकरी राहीन."

नोकरी राहिली. सुधाकरराव कागदाला भीत, आणि आता कागद उलटा झाला होता. बाईंना कॉम्प्युटरवरून काढलं आणि पुन्हा खोकी बांधायला बसवलं, बारा वर्षांपूर्वी जिथून सुरुवात केली होती तिथे. मशीन मारोतरावांकडे गेलं. ते दिवसातून वीस वेळा उठून यायचे आणि खोक्यांपाशी वाकून हळूच काहीतरी विचारून जायचे. जाण्याआधी बाईंनी इंजिनियरला एक शेवटचं पत्र तेवढं लिहिलं. कोणत्या तुकड्याचा कोणता नंबर चालू आहे ते दर यादीच्या डोक्यावर मशीननं आपलं आपण छापावं, माणसाला विचारायची वेळच येऊ नये, असं त्यात होतं. त्यानं ते केलं. तारीखबाई हे नाव मात्र त्या सोमवारपासून कोणी घेतलं नाही, आणि बाईंना ते फार लागलं.

त्याच आठवड्यात, सुधाकररावांनी नको म्हटलं असतानाही, त्या आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात गेल्या. भेटीची वेळ चार ते सहा होती. बयनाबाई खिडकीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसली होती. तिशीतली बाई, कपाळावर गोंदलेलं. उजवा हात कोपरापासून पट्टीत, आणि पट्टीचं टोक बोथट. चंपत खाली बसून, तिला डाव्या हातानं जेवायची सवय व्हावी म्हणून, तिच्या पुढ्यात भाकरीचे बारीक तुकडे करून ठेवत होता.

"मी भांडारातून आली," जयवंताबाई म्हणाल्या. "अवषद जिथून येते तिथून."

"बसा ना बाई," बयनाबाई म्हणाली. तिनं डाव्या हातानं पदर सारखा केला. "आमची काई तकरार नाई. डाक्टरनं सांगतलं समदं. अवषद मेलं होतं म्हने. मरेल अवषद टोचून तरी काय फायदा. मी यायले," तिनं चंपतकडे मान केली, "म्हनलं, जाऊ द्या, कोनाचा दोस नाई. तवापासून जराशी झोप लागते."

बाई इथे उठून जाऊ शकल्या असत्या. पिशवीत संत्री आणली होती, ती ठेवून, काळजी घ्या म्हणून. त्यांनी स्टूल खाटेच्या आणखी जवळ ओढलं.

"ते मेलं नोतं, बयनाबाई. चांगलं होतं. अजून दीड वरीस चांगलं होतं."

चंपतचा हात भाकरीवर थांबला. "मंग पुरलं काऊन?"

बाईंनी सांगितलं. मशीनचं, शून्याचं, फोनचं, त्या चार शब्दांचं. विचारता आलं असतं ते विचारलं नाही आणि आकडा आपल्या मनानं लिहिला, हेही सांगितलं. मशीनचं चंपतला किती कळलं कोण जाणे. आकड्याचं कळलं. तो उठला, खिडकीपाशी गेला आणि पाठ करून उभा राहिला.

बयनाबाई मात्र बाईंकडेच पाहत होती. रागानं नाही. तिनं विचारलं, "हे तुमी सायबाले सांगतलं?"

"लिहून देल्लं."

"कंपांडरदादाची नोकरी?"

"राह्यली."

"बरं केलं," बयनाबाई म्हणाली. मग तिनं पट्टीतला हात उचलून मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हातानं त्याचं टोक झाकलं. "पन मले काऊन सांगतलं, बाई? मले ते अवषद मरेलच बरं होतं."

 सहाची घंटा होईपर्यंत जयवंताबाई तिथेच स्टुलावर बसून राहिल्या.